एका पंख्यापुरती

मी बॅटरी बोलतेय. मोबाईलच्या पोटात बसते ती चपटी, नाजूक बॅटरी डोळ्यांसमोर आणू नका. मी इन्व्हर्टरची बॅटरी, दोन माणसांनी कण्हत-कुंथत उचलावी लागते अशी. अंगात शिसं आणि आम्ल, डोक्यावर पाणी ओतायची झाकणं. सध्या माझा मुक्काम एका जुन्या पिवळ्या व्हॅनमध्ये, पलंगाखाली आहे. व्हॅन विजयदुर्गच्या अलीकडे सड्यावर उभी आहे. सडा म्हणजे नुसता तापलेला कातळ, सावलीला झाड औषधालाही नाही. आणि मी दमलेय. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच माझा आवाज बसला तर मला बोल लावू नका.

माझा जन्म घाटावरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. रांगेत उभं करून आम्हाला पहिल्यांदा चार्ज केलं तेव्हाची झिणझिण तेवढी आठवते. तिथून ट्रकने कुडाळ आणि कुडाळहून टेम्पोने देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर दत्ताराम आणि सुगंधा यांचं घर. घराला पाटी होती, 'होमस्टे, घरगुती मालवणी जेवण'. पाटी त्यांच्या मुलाने, ओमकारने लावलेली. कारभारही त्याचाच.

मला स्वयंपाकघराच्या भिंतीमागे ठेवलं. लाईट गेली की पाहुण्यांच्या खोल्यांतले पंखे मी फिरवायचे. माणसांची एक गंमत मी तिथे बघितली. लाईट असताना पंख्याकडे कुणी बघत नाही. लाईट गेली आणि तरी पंखा फिरत राहिला, तर तेव्हाही कुणी बघत नाही. तो थांबला की मात्र अख्खं घर माझ्या नावाने खडे फोडतं.

भिंतीच्या पलीकडे चूल आणि चुलीपाशी सुगंधा. सकाळी आंबोळ्या, दुपारी ताटं, संध्याकाळी भजी, रात्री पुन्हा ताटं. पाहुणे बोटं चाटायचे आणि म्हणायचे, "मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" ती पदराला हात पुसत हसायची आणि आणखी एक सुरमई तव्यात टाकायची. स्तुती केली की माणूस जास्त राबतो, हेही मी तिथेच शिकले.

सीझनमध्ये चांगल्या खोल्या पाहुण्यांना. मधल्या खोलीत ओमकारचा मुक्काम. दत्ताराम आणि सुगंधा मागच्या खोपीत, जिथे नारळाची सोडणं आणि लाकडं रचलेली असायची. वर पत्रा, खाली पत्र्याचा ताप आणि पंखा नाही. सुगंधा ओला टॉवेल पोटावर घेऊन पडायची. डोळा लागतो न लागतो तोच मासळीवाल्याची हाक यायची. अशी किती वर्षं गेली ते तिलाच ठाऊक.

यंदा एका दुपारी ती तव्यासमोर उभ्या उभ्या पेंगली. उकळत्या तेलात मासा हातातून सुटला आणि कोपरापर्यंत हात भाजला. तिने हात माठात बुडवला, पाहुण्यांना म्हणाली, "काय नाय, काय नाय," आणि उरलेली ताटं डाव्या हाताने वाढली.

दत्ताराम ते बघत होता. दत्ताराम म्हणजे बोलण्यात तिखट पण आतून मऊ गडी. त्याने जन्मभर शाळेची व्हॅन चालवली. शाळेने नवी बस घेतली तेव्हा जुनी पिवळी व्हॅन यालाच देऊन टाकली होती. ती माडाखाली गंजत पडलेली. त्या संध्याकाळी तो तिच्या सीटा उपटायला लागला.

"ह्या काय चल्लाहा?" सुगंधाने विचारलं.

"घर बांधतंय. चाकांचा. आपण दोघा जावया. विजयदुर्गाक, बांद्याक, खंय व्हया थंय."

"माका झोप लागात थंय व्हरा," ती म्हणाली. "दुसरा काय नको."

ओमकार आधी हसला, मग चिडला, मग आईच्या हाताकडे बघून नरमला. पोरगा वाईट नाही. पण सीझनमध्ये त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. शेवटी म्हणाला, "जावा. पण आई, झोपच नाय लागली तर थंय रवान काय करतलंस? मे महिन्याची गर्दी माका एकट्याक झेपाची नाय. नाय जमला तर सरळ घराक येवा." सुगंधाने मान हलवली. म्हणजे ठरलं ते असं, की झोप लागली तर व्हॅन, नाहीतर पुन्हा चूल.

मग सुरू झालं सोलर निवडणं. बाई गं, काय तो तमाशा! मालवणच्या दुकानातून तन्वी नावाची मुलगी टेप घेऊन आली, टपावर चढली, मापं घेतली आणि खाली उतरून विचारलं, "काकानू, पयला सांगा, चलवूचा काय काय आसा?"

"फ्रीज," ओमकार म्हणाला. "ल्हानसो. मासळी ठेवूक."

"टीव्ही," दत्ताराम म्हणाला.

"मिक्सर. आणि ती विजेची शेगडी," ओमकारने भर घातली.

तन्वी हसायला लागली. "मगे ह्या व्हॅनीच्या मागे दुसरी व्हॅन बांधूची लागात. नुसत्या पॅनलांसाठी."

ओमकारने मोबाईलवर बघून ठेवलेलं पातळ, वाकणारं, चिकटवायचं पॅनल दाखवलं. दत्तारामालाही तेच पटलेलं, कारण टपाला भोकं पाडली की पावसात गळणार ही त्याची धास्ती. तन्वी म्हणाली, "ता टपाक चिकटान रवता, खालसून वारो लागणा नाय. तापला काय वीज कमी. काचेचा घेवा, खाली चार बोटां फट ठेवून बसवूया. भोकां मी बंद करून देतंय. गळला तर माका हाक मारा."

मग गाडी माझ्यावर आली. तन्वीचं म्हणणं, बॅटरी लिथियमची घ्या. हलकी, रस्त्याचे धक्के सोसणारी, तळापर्यंत रिकामी केली तरी कुरकुरत नाही. "ही इन्व्हर्टरची एका जाग्यार बसान काम करणारी. आणि हिचा अर्धाअधिक आयुष्य सोपला."

"घरात चालती बॅटरी आसताना नवी कित्या?" दत्ताराम म्हणाला.

"तसाच करूया," ओमकार पटकन म्हणाला. "हिका तुमी व्हरा. पावण्यांच्या खोल्यांका मी नवी घालतंय."

झाली माझी निवड. मी चांगली म्हणून नाही, घरात होते म्हणून. आणि हे सगळं चाललेलं असताना सुगंधा बाजूला कोलंबी सोलत बसली होती. तीही त्या घरात अशीच, असायची म्हणून वापरली जायची. मला तिच्याविषयी फार माया वाटते, ती त्याचमुळे असेल.

तन्वीला काय वाटलं कोण जाणे, तिने तिकडे वळून विचारलं, "काकी, तुमका काय व्हया?"

सुगंधाचा हात थांबला नाही. "माका एक पंखो व्हयो. सकाळपर्यंत फिराक व्हयो. बाकी तुमचा तुमी बघा."

तन्वीने फ्रीज, टीव्ही, मिक्सर, शेगडी, सगळं उडवून लावलं. राहिला एक पंखा, एक दिवा आणि मोबाईलचं चार्जिंग. तिने माझ्या अंगावर बोट ठेवून सांगितलं, "एक पंखो ही चलवात. पण हिका रोज पोटभर ऊन व्हया. उपाशी ठेवलास तर टिकाची नाय. गाडी सावलीत लावू नका, काकानू." दत्ताराम हो म्हणाला खरा, पण चेहरा पडला त्याचा. सावली दिसली की गाडी आपोआप तिकडे वळवायचा ड्रायव्हर तो.

निघताना सुगंधा पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात शिरत होती. स्वयंपाकाला नव्याने घेतलेल्या बाईला मीठ कुठे, कोकमाचं आगळ कुठे, कुठल्या पाहुण्याला तिखट सोसत नाही, ते सांगायला. दत्तारामाने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी तिला बाहेर काढलं.

सुरुवातीचे दिवस सोन्यासारखे गेले. दत्तारामाने सावलीचा मोह आवरला आणि व्हॅन या सड्यावर आणून लावली. दिवसभर मी वरचं ऊन पीत होते आणि रात्रभर पंखा फिरवत होते. सुगंधा झोपली. इतकी गाढ झोपली, की पहिल्या पहाटे दत्तारामाने तिच्या नाकापाशी बोट धरून बघितलं. रस्त्याच्या धक्क्यांनी माझं अंग अंग दुखत होतं, पण मला फार बरं वाटत होतं. एवढी वर्षं पाहुण्यांसाठी खपले. पहिल्यांदा तिच्यासाठी खपत होते.

आणि मग तिची झोप पुरी झाली. इथेच सगळं बिघडलं.

झोप पुरी झाली तशी सुगंधाचे हात वळवळायला लागले. व्हॅनीतली चार भांडी घासून झाली, अंथरूण झटकून झालं, दत्तारामाचे शर्ट धुऊन झाले. तिने सड्याच्या कडेवरून खाली बघितलं. खालच्या वाडीत रातांब्याची झाडं, म्हणजे कोकमाची, आणि तळाशी लाल फळांचा सडाच पडलेला. झाडांच्या मालकिणीला, यशोदाला, विचारून ती ओटी भरून रातांबे घेऊन आली. "फुकट जातत बघा," ती दत्तारामाला म्हणाली. फुकट जाणारं काहीही तिला बघवत नाही.

रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली मिठाच्या रसात बुडवायच्या आणि उन्हात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी काळी, चिवट झाली की ती सोलां, ज्यांच्याशिवाय इकडे आमटी होत नाही. आता सुकत घालायची कुठे? कातळावर घातली तर गुरं तोंड घालतात. सुगंधाने वर बघितलं. टपावर काच, सपाट, काळीकुळकुळीत, दुपारी हात लावला तर फोड येईल अशी तापलेली. देवबागच्या घरावर पाणी तापवायचं सोलर होतं, त्यामुळे सोलर म्हणजे ताप, एवढंच तिला ठाऊक. तीच काय, तन्वीचं सगळं ऐकलेल्या दत्तारामाच्या डोक्यातही तेवढंच राहिलेलं. ती शिडीने वर चढली तेव्हा हा खालून म्हणाला, "बरी जागा गावली गो तुका."

हे सगळं मला मागून कळलं, तेव्हा काहीच कळलं नाही. मी पलंगाखाली, अंधारात. मला एवढंच कळलं, की वरून यायचं ऊन अचानक आटलं. मला वाटलं, आभाळ भरून आलं असेल. उद्या मोकळं होईल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पंखा आधी पहाटे थांबला, मग मध्यरात्रीच्या सुमाराला, मग झोपायच्या वेळीच. रोज संध्याकाळी मी अर्धपोटी कामाला लागायचे आणि तळाशी खरवडून खरवडून द्यायचे. माझ्या जातीच्या बॅटरीला ते मारक असतं. आतल्या पट्ट्यांवर पांढरी खपली धरते, ती मग सुटत नाही.

सुगंधा पुठ्ठ्याने वारा घेत बसायला लागली. डोळ्यांखाली पुन्हा काळं आलं. दत्तारामाने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, वायरी आवळल्या आणि शेवटी मला एक लाथ घातली. "हीच नालायक! म्हातारी झाली, अंगात दम रवलो नाय."

"तिका कित्या मारतास?" सुगंधा म्हणाली. "दमली आसतली ती."

रडता आलं असतं तर तेव्हा मी रडले असते.

दत्तारामाने फोनवर तन्वीला फैलावर घेतलं.  देवगडला काम आहे, येता येता बघून जाते, एवढंच ती म्हणाली. पण त्याआधी ओमकारचा फोन आला. स्वयंपाकाची नवी बाई काम सोडून गेली होती आणि सगळ्या खोल्या भरलेल्या. "आई, झोप लागता काय तुका?" त्याने विचारलं. तिने हातातला पुठ्ठा खाली ठेवला. "नाय ना? मगे ये गो. पावणे तुझ्याच हातचा इचारतत. आज सांजेपर्यंत पोचाक व्हया."

"येतंय," सुगंधा म्हणाली.

तिने जराही कुरकुर केली नाही, दत्तारामाकडे वळून बघितलंही नाही. "येतंय" म्हणाली आणि भांडी गोणत्यात भरायला लागली. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे ती पुन्हा त्या तव्यापुढे उभी राहणार होती.

अर्धं सामान बांधून झालं होतं तेव्हा तन्वीची स्कूटर आली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आधी शिडी चढून वर गेली.  मग ती खो-खो हसत सुटली.

"काकी! अगो काकी, हो सोलर आसा! हेच्यार सोलां घालतत काय?"

दत्ताराम वर चढून बघून आला आणि पोट धरून खालीच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सोलरार सोलां!" एवढंच पुन्हा पुन्हा.

सुगंधा हसली नाही. "पण ऊन तर लागता ना तेका? हात लावन बघ, कसा तापलाहा!"

"तापान काय उपयोग, काकी? तेका उजेड व्हयो. तुमी उजेडार पांघरूण घातलास. एक कोपरो झाकलो तरी अख्ख्या पॅनलाची वीज घटता. हयसर तर हात ठेवक जागा नाय."

सुगंधा व्हॅनीच्या पायरीवर बसली. आता तिला सगळं उमगत होतं, आणि तिचं तोंड बघून बाकीच्या दोघांचंही हसू विरलं.

"माझो पंखो मीच बंद केलंय," ती म्हणाली. "निजलंय, बरा वाटला, आणि लागलंय कामाक. कोणी सांगला होता माका? ह्या हातांका गप बसाक येणाच नाय गो!" आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तन्वीने काच धुऊन काढली. वरून ऊन आलं, लख्ख, भरभरून, पण ते आता माझ्यात मावेना. तिने यंत्र लावून मला तपासलं आणि मान हलवली. "काकी, खरा सांगतंय. उपाशी रवान रवान ही आतसून खराब झाली. सूर्य आसा तवसर पंखो फिरात. दिवेलागणीनंतर जरा येळ, मगे बंद. रातभर हिका जमाचा नाय. मी लिथियमची मागवतंय, पण ती येवक दिस लागतले."

"मगे चला घराक," दत्ताराम म्हणाला. "नवी इली की परत येवया."

परत येऊया म्हणजे काय, ते तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

सुगंधाने डोळे पुसले. आभाळाकडे बघितलं. सूर्य डोक्यावर आलेला.

"सूर्य आसा तवसर फिरता ना? मगे मी आताच निजतंय."

"आता?" दत्ताराम चाटच पडला. "दिवसाढवळ्या? कोण बघीत तर काय म्हणात?" त्यालाही काय दोष द्यायचा. त्यांच्या घरात दुपारी आडवी झालेली बाई म्हणजे एकतर आजारी, नाहीतर बाळंतीण.

"म्हणांदे. लोकांका वाढून झाला माझा."

"आणि जेवान?"

"पेज येता ना तुमका? घाला."

तिने गोणत्यातून उशी ओढून काढली, माझ्या बरोब्बर वर पलंगावर पडली आणि पंख्याचं बटण दाबलं. मी होतं नव्हतं ते पणाला लावलं. पंखा फिरला. तन्वी दबक्या पावलांनी स्कूटर ढकलत लांबवर घेऊन गेली आणि तिथे जाऊन सुरू केली.

दत्तारामाने सोलां कातळावर पसरली आणि गुरं हाकलायला काठी घेऊन दारात बसला. तेवढ्यात फोन वाजला. फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची त्याची सवय, त्याने नुसता आवाज बारीक केला.

"बाबा, निघालास काय? आई खंय?"

"निजलीहा."

"आता? दुपारची? बरी आसा ना?"

"बरी आसा. म्हणानच निजलीहा."

"बाबा, मस्करी नको. हयसर पावणे खोळंबलेत. उठव तिका."

दत्तारामाने आत पलंगाकडे बघितलं. मग हळू आवाजात, पण ठामपणे म्हणाला, "ओमकार, तिका मी उठवचंय नाय. तू भात लाव. मासळेक मीठ-मसालो लाव. तुका येता सगळा, आवशीन शिकवलाहा. आणि पावण्यांक सांग, घरातली बाई निजली." त्याने फोन बंद केला आणि पेजेचे तांदूळ धुवायला उठला.

त्या दिवसापासून असंच चाललंय. ओमकार आधी रागावला, मग दोन दिवसांनी त्याने आमटीत आगळ किती घालायचं ते विचारायला फोन केला. सुगंधा रात्री दत्तारामाबरोबर दारात गप्पा मारत बसते आणि जेवण झालं की भर दुपारी गुडूप झोपते. दत्तारामाची पेज अजून खाली लागते. ती लागलेली पेज ती गोड मानून खाते आणि भांडी त्यालाच घासू देते.

नवी बॅटरी निघालीय म्हणतात. आज येईल, उद्या येईल. ती आली की मला बाहेर काढतील. भंगारवाला मला फोडेल, शिसं वितळवेल, त्यातून पुन्हा कुणाची तरी बॅटरी होईल. होईना का. मला आता कशाचाच हट्ट राहिला नाही. खूप दमलेय, कुणी एकदाचं सोडवलं तर सुटेन.

फक्त एक विनवणी आहे. वरच्या पॅनलची वायर माझ्यातून पुढे जाते. मला सोडवलं की पंखा त्याच क्षणी थांबतो. तेव्हा नवी बॅटरी घेऊन येणाऱ्या बाबांनो, दुपारी येऊ नका. आलातच तर बाहेर दत्तारामाजवळ बसा, पेज देईल तो. उन्हं उतरू द्या, सुगंधाला आपण होऊन उठू द्या. मग माझे स्क्रू सैल करा.